अंधारातलं रोप उजेडात येताच स्वतःचाच 'डोळा' का मोडून टाकतं?

नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य आठवतंय? देवघराच्या कोपऱ्यात, ऊन न लागता वाढलेलं. लांब, लवलवीत आणि पिवळं. पण हाच घट उन्हात ठेवला, तर तीच पाती हिरवी व्हायला लागतात.

म्हणजे उजेड आलाय हे रोपाला कळलं. पण डोळे नसताना कळलं कसं? आणि त्याहून भारी गोष्ट अशी, की ज्या प्रोटीनमुळे हे कळलं, त्याचाच बहुतेक साठा रोप काही तासांत मोडून टाकतं. असं का? समजून घेऊ.

अंधारात रोप काय करत असतं?

बीमध्ये साठवलेलं अन्न मोजकंच असतं. ते संपायच्या आत मातीबाहेर येऊन उजेड गाठायचा असतो. म्हणून अंधारात रोप हरितद्रव्य बनवत नाही, पानं उलगडत नाही, फक्त उंच होत जातं. उजेड वेळेवर ओळखता आला नाही, तर खेळ खलास.

उजेड ओळखतं कोण?

फायटोक्रोम नावाचं प्रोटीन. अमेरिकेतल्या बेल्ट्सविल इथल्या कृषी संशोधकांनी १९५९ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं ओळखलं. वनस्पतींमध्ये त्याचे बरेच प्रकार असतात. अंधारातल्या रोपात सगळ्यात जास्त साठा असतो तो 'फायटोक्रोम ए'चा. हा इतका संवेदनशील असतो, की नांगरणीत माती उलटताना बीला क्षणभर मिळालेला उजेडही त्याला पुरतो.

लाल प्रकाश पडला की या प्रोटीनचा आकार बदलतो, ते कामाला लागतं आणि पेशीच्या केंद्रकात शिरतं. तिथे उजेडात वाढण्यासाठी लागणारी जनुकं चालू होतात.

मग ते मोडतं कसं?

काम सुरू होताच त्याच्यावर 'युबिक्विटिन' नावाच्या छोट्या प्रोटीनचे टॅग लागतात. ते लावण्यात 'सीओपी१' या प्रोटीनचा मोठा हात असतो. टॅग लागलेला माल 'प्रोटिअसोम' या पेशीतल्या यंत्रणेत जातो आणि तिथे त्याचे तुकडे होतात. हीच टॅगिंगची पद्धत आपल्या शरीरातही चालते. तिच्या शोधासाठी २००४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८७ मध्ये, ओटच्या रोपांत फायटोक्रोमवर हे टॅग सापडले होते.

वेग किती? अंधारात या प्रोटीनचा साठा निम्मा व्हायला १०० तासांहून जास्त लागतात. लाल प्रकाश पडल्यावर मात्र साधारण तासाभरात तो निम्म्यावर येतो.

एवढं जपलेलं प्रोटीन तोडायचं कशाला?

कारण अंधारात उपयोगी पडणारी संवेदनशीलता उन्हात अडचण ठरते. मोठं होताना रोपाला आणखी एक गोष्ट ओळखावी लागते: शेजाऱ्याची सावली. वरची पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा 'फार-रेड' प्रकाश खाली सोडतात. त्यावरून 'फायटोक्रोम बी' सावली ओळखतो आणि रोप उंच होऊन बाहेर पडायला बघतं. फायटोक्रोम ए मात्र फार-रेडमध्येही उंची रोखतो. तो भरपूर उरला, तर रोप सावलीतच अडकेल.

हे प्रयोगातही दिसलं. १९८९ मध्ये टोमॅटोच्या रोपांत ओटच्या फायटोक्रोम ए चं जनुक घातलं गेलं. रोपं खुजी आणि गडद हिरवी झाली.

मग तो अजिबात नसला तर?

तेही जिवावर बेततं. 'अरॅबिडॉप्सिस' या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्याचा फायटोक्रोम ए नसलेला वाण दाट सावलीत उगवला, तेव्हा त्यातली बरीच रोपं नुसती लांबत गेली आणि मेली. त्यामुळे रोप हे प्रोटीन पूर्ण संपवत नाही. उजेडात त्याचा थोडा साठा उरतो आणि अंधार पडला की तो पुन्हा वाढायला लागतो.

थोडक्यात, हे मोडणं म्हणजे नासाडी नाही. बाहेर उजेड किती आहे, त्यानुसार रोप आपली नजर रोज कमी-जास्त करत असतं. पुढच्या घटस्थापनेला ती पिवळी पाती दिसली, तर लक्षात ठेवा: त्यांच्यात फायटोक्रोम ए चा साठा भरलेला आहे आणि तो उजेडाची वाट बघतोय.