गाण्याला उत्तर गाण्याचं

मंडळी, रोमच्या इतिहासात कॉन्स्टंटाइन आला आणि ३१३ साली ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला, इतकं आपण शाळेत शिकतो. खरी कसोटी त्यानंतरच लागली, कारण आता वाद घरातच होता.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचा धर्मगुरू होता. त्याचं म्हणणं असं की, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याने निर्माण केलेला. सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ खरा, पण पित्याच्या बरोबरीचा नव्हे. बाहेरच्या माणसाला हा शब्दांचा खेळ वाटेल. पण देवच माणूस होऊन आपल्याला तारायला आला, ही ज्याची श्रद्धा, त्याला तारणारा देव नाहीच असं सांगितलं तर त्याच्या हाती उरलं काय? ३२५ साली निकाईया इथे (आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक) बिशपांची परिषद भरली. एरियसचं मत फेटाळलं गेलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असं ठरलं. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षं पूर्ण झाली.

पण ठराव झाला म्हणून वाद मिटतो थोडाच! एरियसने आपली मतं पद्यात बांधली होती. नावाड्यांसाठी, दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी त्याने गाणी रचली, अशी नोंद त्याच्या पंथाकडे झुकलेल्या फिलोस्टॉर्जियस या इतिहासकारानेच केली आहे. आपल्या आज्यांनी जात्यावर काय काय जपलं ते आठवा, म्हणजे या युक्तीची ताकद कळेल. पुढे सम्राटही त्या बाजूला झुकले. निकाईयाचा निर्णय उचलून धरणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. आयुष्यातली सुमारे १७ वर्षं त्याने अशी काढली.

आता इटलीतल्या मिलानला येऊ. साल ३८६. सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन अजून कोवळा पोर, आणि त्याची आई जस्टिना एरियसपंथी. दरबाराने शहरातलं एक चर्च आपल्या पंथासाठी मागितलं. बिशप अँब्रोज म्हणाला, देणार नाही. सैनिकांचा वेढा पडला आणि लोक बिशपसोबत चर्चमध्येच बसून राहिले. त्यांचा धीर खचू नये म्हणून पूर्वेकडच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी मिळून गीतं आणि स्तोत्रं म्हणायला तिथे सुरुवात झाली. हे ऑगस्टीनने लिहून ठेवलंय. त्याची आई मोनिका त्या लोकांत होती. अँब्रोजने स्वतः रचलेली गीतं अगदी साधी: चार ओळींचं कडवं, ओळीत आठ अक्षरावयव. कोणालाही पाठ व्हावीत अशी. गाण्यांनी लोकांवर मोहिनी घातली, असा आरोप विरोधकांनी केला तेव्हा त्याने तो नाकारलाही नाही! शेवटी दरबाराने माघार घेतली.

साधारण त्याच सुमारास, ३८५ च्या आसपास, ट्रियर इथे स्पेनच्या प्रिसिलियन नावाच्या बिशपचा सम्राट मॅक्सिमसने शिरच्छेद करवला. तोही चुकीची शिकवण देतो, अशी तक्रार होती. त्याचा जीव घ्यायला टपलेल्या बिशपांशी अँब्रोजने संबंध ठेवला नाही. टूर्सच्या मार्टिननेही या प्रकाराला कडाडून विरोध केला. आणि झालं काय? प्रिसिलियनचे अनुयायी त्याला हुतात्मा मानू लागले आणि त्याचा पंथ पुढे कितीतरी वर्षं टिकला.

अर्थात एरियसपंथ केवळ गाण्यांनी हटला, असं मी म्हणणार नाही. पूर्वेकडे सम्राट थिओडोसियसच्या फर्मानांनी त्यांची चर्चेस काढून घेतली, हाही इतिहास आहे. पण फर्मानाने इमारत ताब्यात येते. कशावर विश्वास ठेवायचा हे माणसाच्या मनात उतरवायला शिकवावंच लागतं. इतकी वर्षं वर्गात उभं राहिल्यावर मला एवढं नक्की ठाऊक आहे की, धडा विसरतो पण कविता राहते. आपल्या गोव्यात फादर स्टीफन्सनेही हेच ओळखलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना शिकवायला त्याने ओवीच निवडली आणि १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं.

अँब्रोजची काही गीतं चर्चमध्ये आजही म्हटली जातात. तुमच्या घरी असं एखादं गीत, आरती किंवा अभंग आहे का, ज्यातून एखादी शिकवण कळायच्या आधीच मनात बसली? आठवलं तर जरूर कळवा.