पोळा

शेतीत राबणाऱ्या बैलांची पूजा करून त्यांना गावातून मिरवण्याचा सण, बैलपोळा. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात तो श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला येतो. पुणे जिल्ह्याच्या काही भागांत मात्र भाद्रपद अमावास्येला, सर्वपित्रीच्या दिवशी पोळा करतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे असाच सण बेंदूर या नावाने आषाढात होतो. कर्नाटकी बेंदूर त्याआधी ज्येष्ठ पौर्णिमेला.

श्रावण सरेपर्यंत खरिपाच्या कोळपण्या उरकत आलेल्या असतात आणि बैलांना जरा उसंत मिळते. आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांना ओढ्यावर नेऊन धुतात. जुवाखाली वर्षभर घासून खांद्याला घट्टा पडलेला असतो. तिथे हळद आणि तूप चोळून शेकतात. विदर्भात यासाठी पळसाचे पान वापरतात. मग बैलाला उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे, तेही घरच्या पाहुण्याला द्यावे तसे तोंडाने बोलून.

पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, त्याच्यावर आसूडही उगारत नाहीत. शिंगे रंगवून त्यांना बेगड लावतात. अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. वेसण आणि कासरा नवा. बलुतेदारीच्या काळात हे दोर मातंग वळून देत आणि ज्यांच्या दावणीला बैल नाही त्यांच्या पूजेसाठी मातीचे बैल कुंभार घडवी. घरात त्याच दिवशी पिठोरीची पूजा असते. आई वाण डोक्यावरून मागे धरते आणि ‘अतिथी कोण?’ असे विचारते. मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगून ते घेते.

दुपार कलली की बैल वेशीपाशी आंब्याच्या तोरणाखाली जमतात. मानाच्या बैलाने तोरण ओलांडले की पोळा ‘फुटतो’ आणि सगळे बैल मारुतीच्या दर्शनाला निघतात. मग घरोघरी ओवाळणी, पुरणपोळीचा घास. बैल घेऊन येणाऱ्याला विदर्भात पैसे देतात, त्या पैशांना बोजारा म्हणतात. सालगड्याला नवे कपडे करण्याचीही रीत आहे.

सण बैलाचा असला, तरी गावाचे लक्ष बैलापेक्षा मानावर असते, असे म्हटले तर चूक ठरू नये. पहिला मान बहुधा पाटलाचा. महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने संपले. तोरणाखालचा मान पुष्कळ गावांत तसाच राहिला. कोणाची जोडी कोणामागे, दलितांचे बैल रांगेत कुठे, यावरून तंटे झाले आहेत आणि काही गावांत पोळा पोलीस बंदोबस्तात फुटतो. विदर्भात बैल जमलेले असताना झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीते, म्हणतात. त्यात महादेव-पार्वती असतात, तशा पाटलाला, सावकाराला नि पुढाऱ्याला मारलेल्या कोपरखळ्याही. एरवी तोंडावर जे बोलता येत नाही, ते त्या दिवशी चालून जाते.

ट्रॅक्टर आल्यापासून दावणी ओस पडत चालल्या आहेत. बैल नसलेली घरे मातीच्या जोडीची पूजा करतात, कुठे ट्रॅक्टरलाच हार घालतात. विदर्भातला दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मात्र जोरात आहे: मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून आणतात, उत्तम सजावटीला बक्षीस मिळते. त्याला गोठा लागत नाही, त्यामुळे नागपूरसारख्या शहरातही तो थाटात होतो.