वीज बंद आहे, हे कशावरून?

आकाशातून कोसळणारी आणि तारेतून घरात येणारी, दोघींनाही मराठीत आपण ‘वीज’ म्हणतो. पहिलीचा धाक भाषेत मुरला आहे. दुसरीचा धाक ‘लाइट’ या घरगुती शब्दाने पुष्कळसा उतरवला. लाइट गेली म्हणजे वीज गेली, असे आपण सहज धरून चालतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत हे केवळ अनुमान होय. वायरिंगला हात घालण्यापूर्वी पुरवठा तोडण्याची जी रीत घडत गेली, तिचा इतिहास म्हणजे या अनुमानावरचा अविश्वास होय, असे आम्हांस वाटते.

1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत खेडोपाडी तारा पोहोचल्या. भिंतीवरच्या लाकडी फळीवर चिनी मातीचे फ्यूज बसले. सावध वायरमन फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवी आणि मगच शिडी चढे. खिशातला फ्यूज दुसरा कोणी परत लावू शकत नाही. आजचे कुलूप आणि ‘काम चालू आहे’ हा फलक तेच काम करतात.

पण तेवढे पुरत नाही. केवळ न्यूट्रलचा फ्यूज काढला तरी दिवा विझतो, फेजची तार मात्र जिवंतच राहते. म्हणून 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील 32 व्या नियमाने अर्थिंग केलेल्या न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज वा स्विच ठेवण्यास मनाई केली. आणि म्हणूनच जाणता कारागीर टेस्टर आधी चालू तारेवर लावून पाहतो, मग बंद तारेवर, शेवटी पुन्हा चालू तारेवर. न पेटणारा टेस्टर बिघडलेलाही असू शकतो.

या इतिहासाचे पुढचे पान पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत उघडते. 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या गावाने वाहून जाणारे पाणी शिवारात अडवले, हे सर्वश्रुत आहे. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली गेली. पाण्यापाठोपाठ वीजही शिवारात निर्माण होऊ लागली.

वीज दुरून, एकाच दिशेने येते, ही जुनी समजूत येथे मोडते. घराच्या छपरावर सौर पॅनेल आणि कोपऱ्यात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, तर मेन स्विच पाडूनही काही तारा जिवंत राहतात. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याच्या तारेत दाब असतोच. त्या उन्हाला मेन स्विच नाही. तेव्हा पुरवठ्याचे प्रत्येक मूळ शोधावे, तोडावे, कुलूपबंद करावे आणि मग तपासावे, हाच क्रम.

‘बंद केलंय, घाला हात’ हे खालून आलेले वाक्य शब्दप्रमाण खरे; पण शिडीवरच्या माणसाचा जीव त्यावर सोपवता येत नाही. त्याने प्रत्यक्षच पाहिले पाहिजे. त्याला तेवढा वेळ देणे, ‘किती वेळ लावता’ असे न म्हणणे, हे आपल्याकडचे काम.