दवाखान्याची पाटी

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ. आमच्या सासूबाईंना ती काही वर्षांनी दवाखान्याच्या दारात भेटली. त्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. बाजारात, बस्तीत कन्नड फडाफडा बोलायच्या, पण त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. आमच्या यजमानांना (तेव्हा वर्षाचे!) कडेवर घेऊन लस टोचायला गेल्या, तर दार बंद. टोचायचा वार बदलल्याची सूचना पाटीवर होती, फक्त कन्नडमधून. तीन मैल चालून आलेली बाई तशीच परत.

पूर्वी गावात हलगी वाजवून दवंडी द्यायचे. देवी काढणारा येणार, हे चुलीपाशी बसलेल्या बाईलाही कळायचं. पाटी आली आणि तीच बाई अडाणी ठरली!

तसा नियम आहे बरं का, 15 टक्के लोक दुसरी भाषा बोलत असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढायच्या.

सासूबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला कन्नडमधून नवा वार विचारला आणि बस्तीत अभिषेकानंतर बायकांना सांगितला; निम्म्यांना मराठीत, निम्म्यांना कन्नडमध्ये.