कानाजवळून गेलेली गोळी : नारळीकरांची विज्ञानकथा आणि पानिपतचे ‘जर-तर’

१. दरवर्षी १४ जानेवारी जवळ आली की पानिपतचे ‘जर-तर’ सुरू होते. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर? सूरजमल जाट अखेरपर्यंत सोबत राहिला असता तर? इतिहासाचे प्राध्यापक अशा प्रश्नांकडे सहसा पाठ फिरवतात, कारण घडले नाही त्याचा पुरावा नसतो. एका खगोलशास्त्रज्ञाने मात्र हा प्रश्न गंभीरपणे हाती घेतला आणि त्याची विज्ञानकथा केली. हा धागा त्या कथेविषयी आहे.

२. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर आलेल्या श्रद्धांजलीपर लेखांत फ्रेड हॉइल यांच्यासोबत मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत होता, १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘आयुका’ होती आणि ‘मराठी विज्ञानकथेचे एक प्रवर्तक’ हा गौरवही होता. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मात्र केवळ विज्ञानकथा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तिचा नायक इतिहासकार आहे आणि तिचा विषय इतिहासाची कार्यकारणमीमांसा आहे.

३. आधी थोडी पार्श्वभूमी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव म्हणजे जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरे उलट क्रमाने. केंब्रिजहून परतलेल्या शास्त्रज्ञाच्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, यासाठी हे टोपणनाव होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्या हातची होती.

४. विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ नारळीकरांनी केंब्रिजमध्येच पाहिला होता. त्यांचे गुरू हॉइल स्वतः कादंबरीकार होते. हॉइल यांच्या १९६६ च्या ‘ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट’ या कादंबरीत पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी वेगवेगळे ऐतिहासिक काळ नांदताना दिसतात. काळ आणि इतिहास यांच्याशी कल्पनेचा खेळ खेळता येतो, पण त्या खेळालाही नियम लागतात, हा धडा शिष्याला घरच्या घरी मिळालेला होता.

५. ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न मात्र विज्ञानकथेहून फार जुना आहे. अलेक्झांडर पश्चिमेकडे वळून रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याची चर्चा रोमन इतिहासकार लिव्ही याने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात केली. फिलिप के. डिक यांच्या १९६२ च्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ या कादंबरीत दुसरे महायुद्ध जर्मनी आणि जपान जिंकतात. प्रत्येक समाज हा प्रश्न बहुधा आपल्या सर्वांत दुखऱ्या जागेवर बोट ठेवून विचारतो.

६. मराठी माणसाची ती जागा पानिपत. ‘पानिपत होणे’ हा पूर्ण धुव्वा उडण्यासाठीचा वाक्प्रचार झाला. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असे आजही सहज बोलले जाते. एका लढाईने भाषेत इतके खोल घर केले असल्यामुळे तिच्याविषयी थंड डोक्याने विचार करणे अवघड होते. नारळीकरांची कथा नेमकी या अवघड जागी उभी आहे.

७. कथानक थोडक्यात असे. पुण्याचे इतिहासकार गंगाधरपंत गायतोंडे सभांचे अध्यक्षपद भूषविण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांची एका ट्रकशी टक्कर होते आणि ते वेगळ्याच भारतात जागे होतात. पुण्याहून मुंबईला निघाल्यावर वाटेत त्यांना ब्रिटिश हद्द लागते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून कारभार करते आहे. गोंधळलेला माणूस घाबरून पळाला असता. गंगाधरपंत मात्र ग्रंथालय गाठतात.

८. तेथे ते स्वतःच लिहिलेला इतिहास वाचू लागतात. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सारे ओळखीचे आहे. फाटा फुटतो तो शेवटच्या खंडात, पानिपतपाशी. या जगातील मराठे ती लढाई जिंकलेले आहेत. कारण शोधत ते मूळ साधनाकडे, भाऊसाहेबांच्या बखरीकडे जातात. तेथे त्यांना तपशील सापडतो : विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांच्या कानाजवळून निघून गेली आहे.

९. कथेची इथली शिस्त लक्षात घेण्याजोगी आहे. लेखकाने मराठ्यांना नवे शस्त्र दिलेले नाही, अब्दालीला मूर्ख ठरवलेले नाही, एखादा गद्दारही उभा केलेला नाही. त्याने फक्त एका गोळीची दिशा केसभर बदलली. प्रतितथ्यात्मक इतिहासाचा पहिला नियम हाच आहे : बदल कमीत कमी असावा, आणि तो त्या क्षणी खरोखर शक्य असावा.

१०. गंगाधरपंत परत आल्यावर त्यांचे मित्र राजेंद्र देशपांडे या अनुभवाचा अर्थ लावतात. त्यासाठी ते दोन सिद्धांतांचा आधार घेतात. पहिला ‘कॅटॅस्ट्रॉफी थिअरी’चा : काही निर्णायक बिंदूंवर अगदी छोटा फरक संपूर्ण परिणाम उलटवू शकतो. दुसरा पुंजभौतिकीचा : सूक्ष्म कणांच्या पातळीवर पुढे नेमके काय घडेल हे आधीच ठरलेले नसते, अनेक शक्यता असतात, म्हणून अनेक जगांची कल्पना करता येते. कथेच्या नावातील ‘पानिपत’ अशा रीतीने विज्ञानाच्या प्रयोगशाळेत येते.

११. आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने कथेला उलट प्रश्न विचारायला हवा. ती गोळी खरोखर इतकी निर्णायक होती का? १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठे लढायला बाहेर पडले तेव्हा त्यांची अवस्था काय होती? ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. त्यानंतर सुमारे अडीच महिने दोन्ही छावण्या समोरासमोर होत्या आणि मराठ्यांचा दक्षिणेकडचा मार्ग तुटलेला होता.

१२. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका-मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे असे हजारो बिनलढाऊ लोक होते. अंतर्वेदीतून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. जनावरांना चारा उरला नाही आणि माणसांना धान्य. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी आणि तोफांनी सकाळी रोहिल्यांची मोठी हानी केली, हे खरे. पण अब्दालीकडे दुपारनंतर रणात उतरवायला ताज्या दमाची राखीव फौज होती. मराठ्यांकडे तशी नव्हती.

१३. म्हणजे विश्वासराव वाचले असते, भाऊसाहेब हत्तीवरच राहिले असते, तरी उपाशी घोडे आणि थकलेली माणसे ताज्या राखीव फौजेसमोर किती वेळ टिकली असती, हा प्रश्न उरतोच. गोळीने सैन्याचा धीर सुटला. सैन्याची ताकद मात्र आधीचे अडीच महिने खात होते. ‘जर-तर’च करायचे तर ते बागपतच्या उतारावर किंवा गोविंदपंतांच्या रसदेवर केलेले अधिक सबळ ठरेल. पण पराभवाचे कारण म्हणून स्मरणात गोळी राहते, धान्याची गोणी राहत नाही.

१४. साधनांविषयीही सावध राहायला हवे. बखर म्हणजे रणांगणावरचा अहवाल नव्हे. ती सांगणाऱ्याची रचना असते, आणि रचनेला एक निर्णायक क्षण हवा असतो. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराजाचा फारसी वृत्तांतही लढाईनंतर सुमारे दोन दशकांनी लिहिला गेला. म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाचे मोल मोठे आहे. त्यात त्या काळातील प्रत्यक्ष पत्रे होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या त्र्यं. शं. शेजवलकरांनीही पानिपतचा अभ्यास मोहिमेच्या भूगोलासकट केला.

१५. दुसरी कसोटी लढाईनंतरच्या घटनांची. पानिपतात मराठी सत्ता संपली, हा समज सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत कच्चा आहे. नानासाहेब पेशवे जून १७६१ मध्ये पर्वतीवर वारले. सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले आणि दोन वर्षांत राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. १७७१ मध्ये महादजी शिंदे आणि अन्य सरदारांनी दिल्ली घेतली. पुढल्या वर्षी शाह आलम त्यांच्या संरक्षणात राजधानीत परतला.

१६. उलट, कंपनीचे पाऊल बंगालमध्ये पडले ते पानिपतच्या आधी, १७५७ च्या प्लासीला. १७६४ ची बक्सार आणि १७६५ ची दिवाणी त्याच वाटेवरची. पानिपत जिंकले असते तरी प्लासी पुसली गेली नसती. नारळीकरांनी हे भान राखलेले दिसते : त्यांच्या पर्यायी जगात कंपनी नाहीशी होत नाही, मुंबई, कलकत्ता, मद्रास या ठाण्यांपुरती उरते.

१७. आता कथेतील सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत कमी चर्चिली जाणारी गोष्ट. विजयानंतर त्या जगातील विश्वासराव आणि माधवराव काय करतात? येणारे युग तंत्रज्ञानाचे आहे हे ओळखून ते स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारतात. परक्यांची मदत घेतात ती स्वावलंबी होण्यापुरती. पुढे राजसत्ता मागे सरून लोकशाही येते. विजयाचे फळ म्हणून लेखकाने भगव्या नकाशाऐवजी प्रयोगशाळा निवडली आहे.

१८. इथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी शंका सुरू होते. गोळी चुकल्याने लढाई जिंकता येईल. पण जिंकलेला दरबार विज्ञानकेंद्रे का काढील? गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. फादर स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत १६१६ मध्ये छापले गेले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या. छापखाना मात्र पुण्यात आला नाही.

१९. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये नागरी खिळ्यांसह छापले गेले, ते पुण्यात नव्हे तर बंगालमधील श्रीरामपुरात. तंत्राचे महत्त्व मराठ्यांना कळत नव्हते असे मुळीच नाही. भाऊसाहेबांनी निजामाकडच्या फ्रेंच धर्तीच्या पलटणींत तयार झालेला इब्राहिमखान पदरी घेतला; महादजींनी १७८४ मध्ये द बॉइन या युरोपीय सेनानीला चाकरीस ठेवून कवायती कंपू उभे केले. कसब भाड्याने घेतले गेले. ते रुजवणारी शाळा उभी राहिली नाही.

२०. वसई ते पानिपत ही बावीस वर्षे विजयांची होती. पुण्याकडे सत्ता होती, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्याशी रोजचा संबंध होता. त्या काळात छापखाना आला नाही याला कोणतीही गोळी जबाबदार नाही. ‘पानिपत जिंकले असते तर’ या प्रश्नाइतकाच ‘वसई जिंकल्यावर छापखाना का आणला नाही’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फरक इतकाच, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर नशिबावर ढकलता येते आणि दुसऱ्याचे ढकलता येत नाही.

२१. ही टीका झाल्यावरही कथा लहान होत नाही. चांगली विज्ञानकथा आपली गृहीतके उघडी मांडते, म्हणूनच ती तपासता येतात. आणि तिच्यात पुराव्याविषयीचा आदर शेवटपर्यंत आहे. गंगाधरपंतांच्या अनुभवाला भास म्हणून झटकता येत नाही, कारण त्यांच्या खिशात बखरीचे फाटलेले पान आहे. अद्भुत घटनेलाही कागद मागणारा हा नायक शोभतो राजवाड्यांच्या पुण्यालाच.

२२. ही कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आली, त्यामुळे महाराष्ट्राबाहेरही अनेकांनी ती वाचली आहे. पण इंग्रजी नावात मूळ नावातील खोच हरवते. पर्यायी मुंबईत आझाद मैदानावरच्या सभेतली रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून गंगाधरपंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणे केव्हाच मोडीत काढलेली असतात. संतप्त श्रोते व्यासपीठावर चाल करून येतात. मराठे पानिपत जिंकलेल्या जगात पानिपत होते ते इतिहासकाराचे.

२३. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांचीच निवड झाली, हा योगायोग त्यांच्या वाचकांना गमतीचा वाटला असेल. येत्या १४ जानेवारीला ‘जर-तर’च्या चर्चेत उतरण्यापूर्वी ही कथा मूळ मराठीतून वाचावी आणि प्रत्येक ‘जर’ला तीन प्रश्न विचारावेत. हा बदल त्या क्षणी शक्य होता का? त्याचा पुरावा कोणत्या कागदात आहे? आणि त्यानंतरची प्रत्येक पायरी आपोआप पडते, की तिलाही वेगळे कारण लागते?