जीप गाडीतील एंजिन-तापमापक

जीप गाडीतील एंजिन-तापमापक : एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान चालकाला दाखविणारे उपकरण. ज्वलनाने निर्माण होणाऱ्या उष्णतेचा बराच भाग सिलिंडरांभोवती खेळणारे पाणी रेडिएटरकडे वाहून नेते. हे अभिसरण मंदावल्यास सिलिंडराचे शीर्ष वाकते, गॅस्केट जळते आणि प्रसंगी दट्ट्या सिलिंडरात अडकून एंजिन निकामी होते. जुन्या जीपमधील मूळ मापक बिघडल्यावर नवा मापक बसविण्याची गरज यातूनच उद्भवते. [→ मोटारगाडी].

इतिहास : मोटारगाडीच्या आरंभकाळी रेडिएटरमधून निघणारी वाफ हीच एंजिन तापल्याची खूण होती. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) या प्रकारच्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर चढते व थंड पाणी खाली उतरते, यावरच अभिसरण अवलंबून असे. १९१० नंतर अमेरिकेत बॉइस मोटोमीटर हा काचनळीचा तापमापक रेडिएटरच्या झाकणावर बसविण्याची पद्धत रूढ झाली. अनेक मालक तो वेगळा विकत घेऊन बसवीत. पुढे मापक चालकासमोरील फलकावर आला. त्याला आधार मिळाला तो फ्रेंच अभियंते यूझेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये वाफेचा दाब मोजण्यासाठी शोधलेल्या वक्र नलिकेचा. दुसऱ्या महायुद्धातील विलीस एमबी (१९४१–४५) या जीपच्या फलकावर असा तापमापक होता.

मराठवाड्यातील वापर : महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपांची जुळणी सुरू केली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५२ मध्ये समूह विकास योजना व १९६२ मध्ये पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर गटाची जीप हे ग्रामीण प्रशासनाचे परिचित वाहन बनले. नांदेड व लातूर (हा जिल्हा तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला) या भागांत उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. काळ्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी पुष्कळदा कठीण असते. ते तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांचे कवच रेडिएटरच्या नळ्यांत जमते. कवच उष्णतेचे मंद वाहक असल्याने एंजिन अधिकाधिक तापू लागते. २०१६ च्या टंचाईत लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. अशा काळात रेडिएटरसाठी मृदू पाणी सहज मिळत नाही. म्हणून येथे तापमापक ही चैन नसून संरक्षणाचे साधन ठरते.

प्रकार व कार्य : यांत्रिक मापकात एंजिनातील पाण्यात बुडणारा, बाष्पनशील द्रव भरलेला फुगा असतो. त्यातील बाष्पदाब केशनलिकेवाटे बूर्दाँ नलिकेपर्यंत पोहोचतो व काटा हलतो. याला वीज लागत नाही. विद्युत् मापकात तापमानानुसार रोध बदलणारा घटक एंजिनावर बसवितात. विलीस एमबीची विद्युत् प्रणाली ६ व्होल्टची असल्याने १२ व्होल्टचा मापक तिच्यावर योग्य रीत्या चालत नाही. तेथे यांत्रिक प्रकार सोयीचा ठरतो.

बसविण्याची पद्धती : एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडून थोडे पाणी काढतात. मूळ फुग्याची किंवा बुचाची जागा योग्य आट्यांच्या जोडाने वापरतात. केशनलिका कापून आखूड करता येत नाही. ती फुटली की द्रव निघून जातो व संपूर्ण मापक बदलावा लागतो. म्हणून जादा नलिका सैल वेटोळ्यात ठेवतात. त्यामुळे एंजिनाची कंपने सोसली जातात. पत्र्यातून नलिका नेताना छिद्रात रबरी कडी बसवितात. विद्युत् प्रकारात घटकाचा भूसंपर्क त्याच्या आट्यांतूनच होत असल्याने आट्यांवर रोधक फीत जाड गुंडाळू नये. मापक व घटक एकाच जोडीचे असावेत, अन्यथा वाचन चुकते.

बसविण्यापूर्वी यांत्रिक मापकाचा फुगा उकळत्या पाण्यात धरून तपासतात. समुद्रसपाटीपासून सु. ६३० मी. उंचीवरील लातूर येथे पाणी सु. ९८° से. ला, तर सखल नांदेड येथे सु. ९९° से. ला उकळते, काट्याने १०० दाखविले नाही, तर तो दोष समजू नये.

मर्यादा : मापक केवळ फुग्याभोवतीच्या द्रवाचे तापमान सांगतो. गळतीमुळे पाणी फुग्याच्या पातळीखाली गेल्यास तो कोरडा पडतो व एंजिन जळत असताही काटा खाली उतरू शकतो. म्हणून तापलेल्या गाडीत काटा अचानक उतरल्यास तो दिलासा न मानता गाडी थांबवावी, एंजिन थंड होऊ द्यावे व नंतरच पाण्याची पातळी पाहावी.