नामावळीतला ळकार

बाळबोध वर्णमालेत ह च्या पलीकडे आणि क्ष, ज्ञ या जोडाक्षरांच्या अलीकडे ळ ला जी जागा मिळाली आहे ती पाहून परस्थाचा असा ग्रह व्हावा की हे अक्षर कोणीतरी मागाहून, जागा शिल्लक होती म्हणून बसविले असावे. वस्तुतः ऋग्वेदसंहितेच्या पहिल्याच ऋचेच्या दुसऱ्याच शब्दात ते आहे, कारण शाकल शाखेच्या पाठात दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ड चा ळ होतो. पुढे अभिजात संस्कृताने हा ध्वनी टाकून दिला, पालीने तो राखला, आणि मराठीने त्याला असा उदार आश्रय दिला की येथील माणसांच्या नावांचा इतिहास लिहू जाता तो पुष्कळ अंशी या एका अक्षराच्या भरती-ओहोटीचा इतिहास होऊन बसतो.

संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत उतरताना बहुधा ळ झाला आणि दुहेरी ल्ल चा तेवढा ल उरला. फल चे फळ झाले, कुल चे कूळ झाले, परंतु गल्ल चा गाल आणि वल्ली ची वेल झाली. याच न्यायाने गायींचे पालन करणारा तो गोपाळ, मलरहित ती निर्मळा, शुभ ती मंगळा, मधुर बोलाची ती मंजुळा अशी नावे सिद्ध झाली. त्यांस अडाण्यांचे अपभ्रंश म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ज्या नियमाने ही नावे बनली त्याच नियमाने आपली अवघी भाषा बनली आहे.

या नावांचा एक अतिशय हृद्य समुच्चय चौदाव्या शतकात मंगळवेढ्यास एकाच घरात आढळतो. तेथील वेशीच्या बांधकामावर राबताना 1338 साली भिंतीखाली सापडून देह ठेवणारा चोखामेळा, त्याची बहीण निर्मळा आणि त्याचा मुलगा कर्ममेळा या तिघांच्याही नावांत ळ आहे, आणि तिघांचीही अभंगरचना संप्रदायाने जतन केली आहे. ज्या कुळाच्या सावलीचाही त्या समाजाला विटाळ होई, त्या कुळातील भावाचे नाव चोखा म्हणजे शुद्ध आणि बहिणीचे निर्मळा म्हणजे स्वच्छ असावे, यातला अर्थ तत्कालीन धर्ममार्तंडांच्या ध्यानी आला नाही, ही त्यांच्या पांडित्याची मर्यादा.

राज्यकारभाराच्या दफ्तरांत शिरावे तो तेथे बाळाजींची दाटी. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी. शाहू महाराजांकडून 1713 साली पेशवाईची वस्त्रे घेणारे बाळाजी विश्वनाथ. 1740 ते 1761 पर्यंत त्याच पदावर असलेले त्यांचे नातू बाळाजी बाजीराव. आणि उत्तर पेशवाईचा अवघा हिशेब ज्यांच्या मुठीत होता ते बाळाजी जनार्दन भानू. यांपैकी शेवटच्या दोघांस इतिहास बाळाजी या नावाने फारसा ओळखत नाही. एक नानासाहेब, दुसरे नाना फडणीस. दोघांच्याही आजोबांचे नाव बाळाजी होते, आणि नातवास आजोबांचे नाव ठेवण्याचा प्रघात जितका दृढ होता तितकाच सुनेने सासऱ्याचे नाव न उच्चारण्याचा दंडकही. तेव्हा ज्या मातेच्या मांडीवर बाळाजी खेळत असे तिलाच त्यास बाळाजी म्हणण्याची मुभा नसे, आणि नाना, आप्पा, बाबा, दादा अशा उपनामांची गरज घरोघरी भासे. सनदेवर एक नाव आणि ओसरीवर दुसरे, अशी मराठी माणसाची जी दुहेरी नामव्यवस्था दिसते तिचे एक मूळ या मर्यादेत आहे.

एकोणिसाव्या शतकात तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनावर ळ चेच आधिपत्य होते असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री, 1848 पासून ‘प्रभाकर’ पत्रातून शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी, 1881 साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश, त्यांचे सहकारी आणि पुढे प्रतिपक्षी बाळ गंगाधर, आणि 1905 साली भारत सेवक समाज स्थापणारे गोपाळ कृष्ण. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव. घरात हाक मारावयाचे ‘बाळ’ हेच जगाने उचलले. पण हे नाव महाराष्ट्राबाहेर गेले तेव्हा लाला आणि पाल यांच्या जोडीला यमकात बसावे म्हणून त्यातला ळ गळाला आणि लाल-बाल-पाल ही त्रयी देशभर गाजली. पदवी म्हटली की आपणही संस्कृताकडेच धाव घेतो. नारायण श्रीपाद राजहंसांना लोकमान्यांनी दिली असे सांगतात ती पदवी बालगंधर्व, बाळगंधर्व नव्हे.

ओहोटी लागली ती येथून. शाळेच्या हजेरीपटात आणि सरकारी कागदांत नाव रोमन लिपीत चढू लागले, त्या लिपीत ल आणि ळ यांस एकच चिन्ह; तत्सम ते सभ्य आणि तद्भव ते गावठी असा समज सुशिक्षितांत बळावला; आणि पुढे हिंदी बोलपटांनी या समजावर मोहर उठविली. कमळाबाईंच्या नाती कमला झाल्या, निर्मळेच्या निर्मला, मंगळेच्या मंगला. विसंगती अशी की हीच मंगला लग्नानंतर मंगळसूत्र घालते आणि मंगळागौर पूजते. जिच्या डोळ्यांत आई काजळ घालते तिचे नाव काजल ठेवले जाते. गावच्या जमाबंदीचा हिशेब राखणारा कुळकर्णीही छापील कागदावर बहुधा कुलकर्णी झाला. त्याचे वतन 1950 च्या कायद्याने गेले, पण ज्या कुळांची नोंद तो ठेवी त्यांच्यासाठी 1948 साली झालेला कायदा मात्र लोकांच्या तोंडी कूळकायदाच राहिला.

नवजात अर्भकाभोवतीचे सारे विश्व अद्याप ळ ने भरलेले आहे. नाळ, बाळंतीण, बाळगुटी, बाळसे, वाळे, खुळखुळा, पाळणा हे शब्द बदलावेत असे कोणास वाटले नाही, आणि बारशाच्या दिवशी बाळास पाळण्याच्या वरून-खालून देताना सुवासिनी गोविंदाबरोबर नाव घेतात ते गोपाळाचेच. एवढे झाल्यावर कानात सांगितले जाणारे नाव मात्र ळ वाचूनचे निघते, याला माझ्या मते अभिरुचीपेक्षा संकोच अधिक कारणीभूत आहे.

ज्योतिषाची या बाबतीत काही हरकत नाही. सत्तावीस नक्षत्रांच्या 108 चरणांना वाटून दिलेल्या अक्षरांत ङ, ञ, ण यांसारखी, ज्यांनी आरंभ होणारे नाव सुचणे दुर्घट अशी अक्षरे आहेत. मराठी शब्दाच्या आरंभी न येणारा ळ तेवढा त्यांत नाही, म्हणजे कोणतेही आद्याक्षर निघाले तरी नावाच्या मध्यात वा अंती बसण्यास तो मोकळाच आहे. शततारकेचा पहिला चरण असेल तर गोपाळ, मघेचा असेल तर मंजुळा, अनुराधेचा दुसरा असेल तर निर्मळा ठेवता येईल. आईबापांनी नावांची यादी करताना ही नावे एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत, आणि मग हवे ते ठेवावे.